पहिली नजर आरशावर

वन्संचे डोळे मी मिटवले. हे वाक्य लिहून मी चष्मा पुसला, घोटभर पाणी प्यायले आणि परत वाचलं. बरोबर आहे, असंच झालं. आदल्या दिवशी मी इथेच हैदराबादेत, दिलसुखनगरला लेकाकडे गेले होते, एका रात्रीसाठी. दोन राज्यं होऊन आठवडाही झाला नव्हता, रस्त्याच्या कडेला गुलाल अजून तसाच पडलेला. सकाळी दहाच्या सुमारास यादम्माचा फोन आला. यादम्मा म्हणजे आमच्याकडे वीस वर्षं काम करणारी बाई. म्हणाली, "अम्मा, जल्दी आओ. बडे अम्मा उठ रै नै." मी विचारलं, कॉटवर आहेत का? तर म्हणाली, "नै अम्मा, कुर्सी पे है. आँखाँ खुले है." मी तशीच रिक्षात बसले. अंबरपेठेत घरी पोचले तेव्हा शेजारच्या दोघीतिघी दारातच उभ्या होत्या, आत जायला कोणी तयार नाही. वन्सं खिडकीजवळच्या त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या. मान ताठ, पदर खांद्यावर नीट. नजर खिडकीबाहेर. वर्गात एखादी मुलगी चुकीचं उत्तर देत असली म्हणजे मधे न बोलता तिच्याकडे बघायच्या ना, तशी. वाट बघणारी. मी पुढे झाले आणि हाताने पापण्या खाली ओढल्या. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा छोटा आरसा पालथा पडला होता. तो मी पाहिला, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही... ते नंतर.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, कुसुमताई. लग्न केलं नाही. जामबागेत मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, तीस-बत्तीस वर्षं. तुमच्यापैकी कोणाच्या आईला, आत्याला त्यांनी शिकवलं असेल, तर "रेघ घाबरते आहे तुझी, तिला पाणी पाज" हे वाक्य तिला नक्की आठवत असेल. मी या घरात आले ती धर्माबादकडची, सातवी पास, सतरा वर्षांची. शेतकऱ्यांच्या घरातली मुलगी, आणि हे सगळे सरकारी नोकरीतले, जुन्या शहरातले लोक, जेवताना पण हळू बोलणारे. पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातून मोठ्याने हाक मारली तर वन्सं म्हणाल्या, "सुमे, इथे गुरं नाहीत गं, माणसं आहेत. जवळ येऊन बोललं तरी चालतं." मी पण तोंडाची फटकळ. म्हटलं, "वन्सं, आमची गुरं हाक मारली की ओ तरी देतात." यावर त्या जे हसल्या, ते हसू मला पन्नास वर्षं पुरलं. सासरी माझं कोणाशी आधी जमलं तर ते या नणंदेशी. नवऱ्याशी नंतर.

आता जे सांगणार आहे ते आमच्या घरात वन्सं, आमचे हे आणि मी अशा तीनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातली दोन आता नाहीत. पन्नाशी-साठीतल्या हैदराबादच्या लोकांना लहानपणी वाचलेलं एक तेलुगू चित्रांचं पुस्तक आठवत असेल, 'नल्ल गोंगडी'. काळी घोंगडी. महिन्याला एक अंक, पातळ कागद, कोटीच्या फुटपाथवर दोरीला टांगलेले असायचे. पुरात बुडालेला एक धनगराचा मुलगा घोंगडी पांघरून परत येतो. घोंगडी पसरली की तिच्याखाली जो असेल त्याला ना गोळी लागते, ना वाघ दिसतो, ना पाणी शिवतं. पोरं घरातल्या चादरी खांद्याला बांधून गच्च्यांवरून उड्या मारायची. त्यावर 'चित्रं : मास्टर' एवढंच छापलेलं असायचं. तो मास्टर म्हणजे आमच्या वन्सं. शाळेत बाहेरचं काम करायला परवानगी नव्हती, आणि छापखान्याच्या शेठना वाटायचं की भुताखेतांची चित्रं बाई काढते म्हटलं तर आया पुस्तक घरात घेणार नाहीत. वन्संना त्याचं काही नव्हतं. म्हणायच्या, "नाव कशाला हवं? घोंगडीला कुठे नाव आहे?"

गोष्ट त्या आधी मराठीत लिहायच्या. चित्रातल्या माणसांच्या तोंडापुढचे जे फुगे असतात त्यांत बारीक पेन्सिलीनं मराठी वाक्यं. मग सोबत पाठवलेला हिंदीतला कागद बघून छापखान्यातला माणूस ती खोडून वर शाईनं तेलुगू लिहायचा. म्हणजे पुस्तक हजारोंनी वाचलं, पण मराठीत ती गोष्ट वाचलेली जगात माणसं दोनच. वन्सं आणि मी. माझं वाचन सुधारलं ते त्या पेन्सिलीवर. आणि माझं कामही होतं बरं का. काळा रंग भरायचं. वन्सं बारीक ब्रशनं कडा काढून ठेवायच्या आणि मी जाड ब्रश घेऊन आतला सगळा अंधार भरायची. घोंगडी, विहीर, रानातली झाडं. आजही कोणी जुना अंक दाखवला तर मला चेहरे आठवत नाहीत, काळा आठवतो. तो माझा. माझ्या ब्रशचा एक केस चुकार होता, सगळ्यांपासून फटकून बाहेर यायचा, त्यामुळे भरलेल्या काळ्याच्या कडेला उजवीकडे एक बारीक तिरपी रेघ उमटायची. वन्सं चिडवायच्या, "सुमे, तुझ्या घोंगडीला शेपूट फुटलं गं पुन्हा." मी म्हणायची, "नवा ब्रश आणा मग." त्या म्हणायच्या, "नको. राहू दे. नाहीतर कळायचं कसं की तू केलंस?"

त्या घोंगडीवाल्याला डोळे नव्हते. म्हणजे डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या फटी, आत काही नाही. मला आधी वाटायचं राहून गेलंय. विचारलं तर वन्सं गंभीर झाल्या. त्यांच्या घरात गणपती विकत आणायची पद्धत नव्हती. तळ्याची काळी माती आणून सासरे मूर्ती करायचे, त्यांच्यामागे वन्सं. चतुर्थीच्या सकाळी सगळं रंगवून झालं की शेवटी डोळे. त्या वेळी खोलीत कोणी थांबायचं नाही. डोळे काढणारा मूर्तीच्या समोर बसत नसे, बाजूला बसे, आणि बुबुळ टेकवायच्या क्षणी डाव्या हाताने आरसा मूर्तीसमोर धरायचा. उघडलेल्या डोळ्यांची पहिली नजर आरशावर पडायला हवी, माणसावर नाही. तो हाच आरसा, पितळी काठाचा, तळहाताएवढा. सासऱ्यांची आणखी एक शिकवण होती. नकळत जर कधी हातून डोळे उघडले गेले, काढणाऱ्याला पत्ताच लागला नाही, तर समजायचं हात आपला राहिला नाही. त्या दिवशी ब्रश खाली ठेवायचा, परत धरायचा नाही. "म्हणून याला डोळे नाहीत," वन्सं म्हणाल्या. "याला दर महिन्याला कोण आरसा दाखवणार? त्यानं नुसतं यावं, पोरांवर घोंगडी घालावी आणि जावं. बघू नये."

हे मला माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते आता लिहिते. लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती. लेक शाळेत, हे ऑफिसात, वन्सं शाळेत. अंकाचं शेवटचं पान होतं, घाईचं. चार वाजता छापखान्यातून म्हातारे शेखचाचा सायकलवरून पानं न्यायला येत. पानावर एकच मोठं चित्र. दाराच्या चौकटीत तो उभा आहे, घोंगडी दोन्ही हातांनी पसरलेली, तोंड थेट आपल्याकडे. मी दुपारभर भरत होते. काळा, काळा, नुसता काळा. घरात घड्याळाशिवाय आवाज नाही. आणि मला एकाएकी असं झालं, काय सांगू... की या घरात मी सकाळपासून आहे आणि माझ्याकडे कोणी बघितलेलं नाही. सकाळपासून कशाला, किती दिवसांत. सगळे चांगले होते हो, कोणी वाईट नव्हतं. पण बघितलं नव्हतं. मी ब्रश शाईत बुडवला, निथळला, आणि त्या दोन पांढऱ्या फटींमध्ये दोन टिंबं दिली. पडली नाहीत. दिली.

त्यानं माझ्याकडे बघितलं. तुम्ही म्हणाल, समोरून काढलेलं चित्र, बघणारच. ते मला आता कळतं. तेव्हा मी डावीकडे सरकले, तरी बघत होता. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले, तिथेही. आरसा देव्हाऱ्यात होता, चार पावलांवर, आणि मला सुचलं नाही की सुचूनही पाय हलले नाहीत, ते देवाला ठाऊक. शेवटी मी पान लावलेली फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली. तेवढ्यात खाली सायकलची घंटी. शेखचाचा म्हणाले, "बेटी, हात कायकू काँप रै तुम्हारे?" मी म्हटलं, भूक लागली आहे. पान गेलं. वन्सं साडेचारला शाळेतून आल्या. आल्या आल्या विचारलं, "भरलंस सगळं?" मी म्हटलं, "भरलं."

अंक छापून आला तेव्हा वन्सं शेवटचं पान उघडून बसल्या ते चहा निवला तरी तशाच. छपाईत चित्र लहान झालेलं, टिंबं तिळाएवढी. पण होती. मी भांडी घासायचं सोडून हात पुसत उभी. त्यांनी मान वर केली आणि मला म्हणाल्या, "सुमे, हे माझ्याच हातून झालं असणार... नाही का?"

प्रश्न होता तो. मला विचारलेला. मी म्हटलं, "हो. असेल."

"कळलं पण नाही मला," त्या म्हणाल्या, आणि अंक मिटला. "मग थांबायला हवं." दुसऱ्या दिवशी त्यांनी शेठना निरोप पाठवला की मास्टर आजारी आहे. लोकांना वाटलं छापखाना तोट्यात गेला. त्या वर्षीपासून आमच्या घरी गणपती धूलपेठेतून आला, डोळे काढलेला. आमच्या ह्यांनी एकदाच विचारलं, "ताई, या वर्षी माती नाही आणली?" त्या म्हणाल्या, "हात दुखतो रे." शाळेत फळ्यावर कमळ आणि मोर काढायच्या तेवढंच. मी किती वेळा सांगायला गेले असेन... देवळातून येताना, ह्यांच्या आजारपणात, हे गेल्यावर तर दोघीच होतो घरात, दहा वर्षं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता इतकी वर्षं झाली, आता सांगून काय. लबाडी जुनी झाली की लोणच्यासारखी मुरते, बरणी उघडवत नाही.

आणि मग त्याच्यावर सिनेमा आला. दोन राज्यं व्हायच्या आधीचा तो हिवाळा. रोज बंद, रोज मोर्चे, शाळा कधी सुरू कधी बंद, लोक भाजी घेताना सुद्धा भाजीवाल्याची बोली ऐकून मग भाव करायचे. अशात शेठच्या मुलाने कोणाला तरी गोष्ट दिली आणि मोठ्या हिरोचा मोठा सिनेमा निघाला. माझी नात श्रेया इंजिनिअरिंगला. ती येऊन रोज बातम्या द्यायची. "आजी, फुल फाइट चालू आहे. पुस्तकवाले वेगळे, हिरोवाले वेगळे. त्यांनी घोंगडी काढून टाकली ना!" खरंच काढली होती. त्याच्या पाठीवर निळा चकचकीत रबराचा झगा दिला होता. आणि बोली किनाऱ्याकडची, म्हणजे ज्यांच्यापासून इकडच्यांना वेगळं व्हायचं होतं त्यांची. इकडचे म्हणाले, धनगराची घोंगडी हिसकावली, आमचं सगळंच असं नेलं. तिकडचे म्हणाले, सिनेमा आहे, घोंगडीत कोण उडतं? माझा लेक आणि त्याचा बावीस वर्षांचा जुना मित्र, बाजूबाजूच्या टेबलावर बसणारे, त्या झग्यावरून बोलेनासे झाले. झग्यावरून म्हणजे कशावरून, ते दोघांनाही माहीत होतं.

पण एका गोष्टीवर दोन्हीकडचे खूश होते. जाहिरातीत हिरोचा फोटो नव्हता, जुनं चित्र होतं. शेवटच्या अंकाचं शेवटचं पान. सबंध मालिकेत तो बघतोय असं ते एकच चित्र ना. ते चित्र मोठं करून शहरभर लावलं. मेट्रोच्या अर्धवट खांबांवर, पुलांवर... आणि आमच्या खिडकीसमोरच्या इमारतीच्या कोऱ्या भिंतीवर. तीन मजले उंच. सकाळी मी पडदा सरकवला आणि पडदा धरूनच उभी राहिले. माझी तिळाएवढी टिंबं परातीएवढी होऊन आमच्या घरात बघत होती. त्या दिवसापासून मी त्या खिडकीकडे पाठ करून बसायला लागले. भाजी निवडायची माझी जागा बदलली नाही, फक्त तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी मला दिसलं की देव्हाऱ्यातला आरसा त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर उभा करून ठेवलाय, तोंड बाहेर, त्या भिंतीकडे. मी विचारलं, "हे काय, वन्सं?" म्हणाल्या, "राहिलं होतं तेव्हा दाखवायचं." आणि पुन्हा आपल्या पुस्तकात. पुढे सहा महिने तो आरसा तिथे होता. यादम्मा पुसून पुन्हा तिथेच ठेवायची.

श्रेयाने हट्टाने आम्हा दोघींना सिनेमाला नेलं, दुपारच्या खेळाला. तिला काही माहीत नव्हतं, आजीला आणि आत्याआजीला जुनं पुस्तक आवडायचं एवढंच ठाऊक. हिरो पडद्यावर आला तशा अर्ध्या थेटरात शिट्ट्या आणि अर्ध्या थेटरातून ओरडा, "गोंगडी एक्कडा? गोंगडी एक्कडा?" घोंगडी कुठे, घोंगडी कुठे. मागून कोणीतरी ओरडलं, "घर जाके ओढ के सो जा!" त्यावर दोन्हीकडचे हसले, एवढंच काय ते एकमत. श्रेया पण उभी राहून ओरडत होती, कोणत्या बाजूने ते मला कळलं नाही. वन्सं डोळे मिटून बसल्या होत्या. मध्यंतरात श्रेया खायला आणायला गेली, तेव्हा डोळे उघडून त्या म्हणाल्या, "सुमे, मी किती शे पानं काढली असतील गं?"

"मोजली कुणी? खूप."

"त्यात जिवंत तेवढी दोनच टिंबं. बाकी सगळी रेघोटी."

मी त्यांच्याकडे बघितलं. एक्क्याऐंशी वर्षांचं तोंड, आणि त्यावर... अभिमानच म्हणायला हवा. आता बघा माझी काय अवस्था झाली. इतकी वर्षं न सांगून मी त्यांचा ब्रश काढून घेतला होता. आणि आता सांगितलं असतं तर आयुष्यातलं एकच जिवंत काम काढून घेतलं असतं. मी त्यांचा हात हातात घेतला. त्या म्हणाल्या, "थंड का तुझा हात?" मी म्हटलं, "एसी आहे ना, वन्सं." शेखचाचांना म्हटलं होतं भूक, यांना म्हटलं एसी. माझी कारणं काळाप्रमाणे सुधारत गेली आहेत.

सिनेमा उतरला, राज्य वेगळं झालं, भिंतीवर मात्र ते चित्र तसंच. उन्हाने मागचं निळं पांढरं पडलं, पांढरं पिवळं पडलं, काळा तेवढा टिकला. एक कोपरा फाटून वाऱ्यावर फडफडायचा. मग नव्या राज्याच्या शुभेच्छांचा फलक वरून चढवला तेव्हा अर्धं तोंड झाकलं गेलं आणि एकच डोळा उरला, उजवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वन्सं गेल्या.

तेरावं झालं, माणसं पांगली. त्यानंतरची एक दुपार. यादम्मा खोली पुसत होती आणि मी तिला सहज म्हटलं, त्या दिवशी आरसा पालथा कसा होता गं? पडला असेल का? ती फडकं पिळत म्हणाली, "गिरा नै अम्मा. तुम नै रहे तो बडे अम्मा हमेशा उतार देते थे. तुम आए तो फिर खडा कर देते थे. तुमको मालूम नै?"

मला माहीत नव्हतं. मी देवळात गेले, बाजारात गेले, लेकाकडे गेले की वन्सं आरसा पालथा घालायच्या आणि त्या डोळ्यांसमोर स्वतः बसायच्या. जिन्यावर माझ्या चपला वाजल्या की परत उभा करायच्या. आरसा त्यांच्यासाठी नव्हता. पहिली नजर ज्या माणसावर पडली होती, ते खिडकीकडे पाठ करून भाजी निवडत बसायचं... त्याच्यासाठी होता.

यादम्मा काम आटपून घरी गेल्यावर मी पहिल्यांदा वन्संच्या खुर्चीत बसले. सहा महिन्यांत मी त्या भिंतीकडे धड बघितलं नव्हतं. उरलेला एक डोळा समोर होता, आणि त्या बुबुळाच्या उजव्या कडेला, हातभर लांब, एक बारीक तिरपी रेघ बाहेर आलेली. चुकार केसाची. तिळाएवढ्या छपाईत ती दिसली नव्हती, तीन मजल्यांवर दिसत होती. तीस वर्षं मुलींच्या वह्यांमधली रेघ न् रेघ ओळखणारी बाई सहा महिने त्या रेघेसमोर बसली होती. थेटरात "दोनच टिंबं" म्हणाली ती. "माझी" म्हणाली नव्हती. मी आठवून आठवून बघितलं, नव्हती म्हणाली. आणि त्या पहिल्या दिवशी, चहा निवत असताना मला विचारलं, नाही का... तेव्हाही माहीत असेल? ते मला कोण सांगणार आता? "नाहीतर कळायचं कसं की तू केलंस" म्हणणाऱ्या बाईने जुनाच ब्रश माझ्या हातात ठेवला होता, एवढं मला माहीत आहे.

हल्ली मी दुपारी त्यांच्याच खुर्चीत बसते, भिंतीकडे तोंड करून. आता मला आरसा नको, बघायचं त्याने बघावं. म्हणून मी तो पालथा घालते. आणि चारच्या सुमारास चहा करून परत येते तेव्हा आरसा उभा असतो, तोंड बाहेर. पहिल्यांदा मी यादम्माला विचारलं. "मैं हात नै लगाई अम्मा," म्हणाली, आणि तिने दोन दिवस खोलीत यायचं टाळलं. खिडकीतून वारा येतो, पितळी काठ जड आहे, वाऱ्याने पालथी वस्तू उभी राहते का, हे शिकलेल्या लोकांना माहीत. मी विचारायचं सोडलंय. चहा दोन कप आणते, एक निवतो.

हे सगळं मी पेन्सिलीनं लिहिलंय, फुग्यांतल्यासारखं बारीक. श्रेया ते बघून टाइप करून देणार आहे. तिला मराठी अडखळत वाचता येतं, त्यामुळे तिला हे कळायला तुमच्यापेक्षा वेळ लागेल. पहिल्या पानावर अडकली आणि म्हणाली, "आजी, आत्याआजी मास्टर होती? खरंच? आणि डोळे कोणी काढले?" मी म्हटलं, पुढे वाच. तिचं झालं की हे कागद मी खिडकीच्या कट्ट्यावर आरशाखाली ठेवणार आहे. मराठीत वाचणारी आम्ही दोघीच होतो ना. छापखान्यातला माणूस दरवेळी पेन्सिल खोडून टाकायचा. ही कोणी खोडणार नाही. वन्सं, ते मी केलं.